सहा अक्षरांचं मशीन

"बूट इथंच काढायचे, साहेब. धूळ चालत नाही आत," वेंकटराव म्हणाले.

दारात चपलांचे दोन जोड होते. रामस्वामींनी बूट त्यांच्या शेजारी ठेवले. तंजावरच्या कालवा कचेरीतलं जुनं कॉम्प्युटरचं मशीन भंगारात काढायचं का, ते ठरवायला ते मद्रासहून आले होते. मशीन गेलं की विभाग बंद, आणि वेंकटरावांची बदली मद्रासला. कावेरी सोडून तिकडं राहायचं? छट्!

"तुमची ही फोरट्रान भाषा म्हातारी झाली हो," रामस्वामी म्हणाले. "तिच्यात कशालाही सहा अक्षरांच्या पुढं नाव चालत नाही. नवी पोरं हातसुद्धा लावत नाहीत."

"म्हणून तर प्रीप्रोसेसर नावाचा प्रोग्राम केलाय, साहेब. आपण हवं तसं सरळ, लांबलचक लिहायचं. तो आत बसून जुन्या फोरट्रानमध्ये उतरवतो."

"तयार आहे असं तुम्ही नुसतं पत्रात लिहिलंत. आता दाखवा."

रामस्वामींनी स्वतःच ओळी टाईप केल्या. तिरुवैयारूच्या कालव्याचं दार मंगळवारी उघडायचं, पापनाशमचं बुधवारी. वेंकटरावांनी बटण दाबलं. आतल्या खोलीच्या बंद दारामागं टकटक सुरू झाली.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. वेंकटरावांनी उपरण्यानं मान पुसली.

"फार सावकाश चालतो ओ हा!"

"वय झालंय, साहेब. पण चुकत नाही."

एकदाचा प्रिंटर कुरकुरला. रामस्वामींनी कागद ओढून ओळ न् ओळ तपासली. कुठं बोट ठेवायला जागा नव्हती. उलट खाली एक ओळ जास्तीची होती: 'पापनाशमचं दार दुरुस्तीला काढलंय. बुधवारी पाणी सोडलं तर शेतं बुडतील.'

"अय्यो! हे ह्याला कसं कळलं?"

"सोळा वर्षं ह्याच कालव्यांचं काम करतोय ना."

रामस्वामींनी फाईल मिटली. "मशीन राहू द्या. तुम्हीही राहा. मद्रासला असला एक नाही! ह्याची एक कॉपी फ्लॉपीवर द्या, सगळ्या जिल्ह्यांना वाटतो."

"वेळ लागेल, साहेब," वेंकटराव गोड हसले.

जीप कोपऱ्यावर वळली, तसे दोन पेले फिल्टर कॉफी घेऊन ते आले आणि आतलं दार पायानं ढकललं.

"कामाक्षीअक्का, राहिलो आपण! फक्त साहेब तुम्हांला फ्लॉपीवर घालून मद्रासला नेतो म्हणतोय."