फुटवे

लाकूड जाळून वीज करणाऱ्या भट्टीसाठी लावलेल्या त्या झाडांचं मुकादमाला भारी कौतुक. "तीन वर्षांत कापायला येतात. शिवाय बुंधा जमिनीत राहू दिला की नव्यानं लावायची कटकट नाही, एका खोडाच्या जागी दोन फुटवे हजर!" असं तो येईल त्याला ऐकवायचा. खोडांचा भुगा करणाऱ्या यंत्रावरचा कामगार मान डोलवायचा. घरी आला की मात्र दोन्ही पोरांना बजावायचा, "नापास झालात तरी चालेल, पण त्या यंत्राच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही."

एके दिवशी अडकलेलं वाकडं खोड आत ढकलताना यंत्रानं त्याचा उजवा हात कोपरापर्यंत ओढून नेला.

मुकादम दवाखान्यात आला, उशाशी बसला. त्याचेही डोळे पाणावले. "घराची काळजी सोडा. तुमची जागा मी बाहेरच्या माणसाला देणार नाही, हा माझा शब्द."

कामगाराला भरून आलं. बायको मात्र जेवणाचा डबा आवरत राहिली, तिनं वर पाहिलंच नाही.

जखम भरल्यावर रिकामी बाही खिशात खोचून तो कामावर गेला. निदान फाटकावर बसायचं काम तरी मागावं, असं वाटेत मनाशी घोकत होता. आत शिरला तेव्हा यंत्र धडधडत होतं.

मुकादमानं शब्द पाळला होता.



यंत्राच्या तोंडाशी, बापाच्या जागेवर, थोरला आणि धाकटा खोडं ढकलत होते.