माथ्यावरचं फूल

स्पेनमधल्या सेव्हिलच्या जत्रेत शरयूबाई बघतच राहिल्या. झालरींचे झगे घालून पोरींच्या बरोबरीनं आज्याही टाळ्यांच्या ठेक्यावर नाचत होत्या, आणि प्रत्येकीच्या माथ्यावर टपोरं फूल होतं.

"त्या आजींचे यजमान कुठे आहेत, विचार की," त्या भाचीला म्हणाल्या.

भाची विचारून आली. "मामी, ते जाऊन वीस वर्षं झाली म्हणे!"

फुलवालीच्या टोपलीतलं पांढरं फूल शरयूबाईंनी हळूच उचललं, आणि शेजारी उभ्या वन्संकडे नजर जाताच परत ठेवलं. तीस वर्षांपूर्वी, नवरा गेला त्या दिवशी, याच थोरल्या नणंदेनं त्यांच्या केसांतला गजरा उतरवला होता.

वन्संनी ते पाहिलं. त्यांनी टोपलीतलं सगळ्यांत मोठं लाल फूल निवडलं.

"शरयू, जरा वाक ना. माझा हात पुरत नाही आता."