जर्सीच्या बदल्यात पातेलं

बायको जाऊन महिना झाला. भेटायला येणारे माझ्या फुटबॉलचं कौतुक करतात, पण त्यातलं निम्मं तिचं आहे. सत्त्याऐंशीत गुडघा मोडला आणि मुंबईचा क्लब सोडून मी पिंप्राळ्याला परतलो. जळगावच्या संघानं मॅनेजर व्हायला बोलावलं, मी नाही म्हणालो. बाकावर बसून दुसऱ्यांचा खेळ बघणं सोसणार नव्हतं. जुन्या जर्सी रोज काढून बघायचो. एका दुपारी तिनं त्या सगळ्या भांडेवालीला देऊन मोठं पातेलं घेतलं. मी ओरडलो, तेव्हा म्हणाली, "आते तुम्ही खेळनारा नही, खेळाडनारा शेतस. बठ्ठा पोरे जेवाले येतीन." म्हणजे मी आता खेळवणारा, आणि सगळी पोरं आमच्याकडे जेवायला! संध्याकाळी अख्खा संघ अंगणात खिचडीला बसला, बोलावणं तिचंच होतं. कप्तान रहीमनं भीतभीत विचारलं, "साहेब, उद्या सराव कधी?" "सहाला," मी म्हणून गेलो. आतून ती म्हणाली, "साडेसहा सांगा. लंगडत जावाले तुमले येळ लागस."