खाणीवरची निरोगी माणसं

"हा लेख आपलाच ना, डॉक्टर?" कंपनीच्या वकिलांनी अदबीने विचारलं.

"माझाच," रामचंद्र म्हणाले.

डिचोलीत कामगार भरपाईची सुनावणी चालली होती. रामचंद्र आले होते ते बहिणीच्या नवऱ्यासाठी साक्ष द्यायला. दत्ताराम खाणीवर ट्रकात खनिज भरायचा. आता कोरगावच्या घरात ओसरीवरून न्हाणीपर्यंत जायचं तरी त्याला मधे बसावं लागे. समोरच्या बाकावर देवकी नवऱ्याच्या पाठीवरून हात फिरवत होती.

वकील वाचू लागले. खाणीवरच्या धुळीने कामगारांच्या फुप्फुसांना विशेष अपाय झाल्याचं आढळत नाही. याच निष्कर्षावर रामचंद्रांचं नाव झालं होतं. ब्राझीलपासून ऑस्ट्रेलियापर्यंतचे संशोधक आपल्या लेखांत त्याचा दाखला देत. बढती, परदेशातल्या परिषदा, संस्थेतला मान, सगळी त्या एका लेखाची पुण्याई.

"यातला एखादा आकडा चुकलाय, असं आपलं म्हणणं आहे?"

"नाही. एकही नाही."

खरंच चुकला नव्हता. खाणीवर शिबिर भरवून प्रत्येकाला त्यांनी स्वतः फुप्फुसांचा जोर मोजणाऱ्या नळीत फुंकायला लावलं होतं.

आयुक्तांनी चष्मा काढला. "मग या दत्तारामांची तपासणी कुठे आहे?"

उत्तर बाकावरून आलं, धापा टाकत.

"तेव्हा मी घराक होतंय, सायबांनू. धाप लागाक लागली, तसो मुकादमान घराक धाडल्यान. धाप लागणाऱ्या सगळ्यांकच."

रामचंद्रांच्या डोळ्यांपुढे शिबिरातली रांग उभी राहिली. धडधाकट माणसं, थट्टामस्करी करत फुंकणारी. त्याच सुमारास देवकीने नवऱ्याच्या खोकल्याचं सांगितलं होतं आणि ते म्हणाले होते, "बिड्या कमी करायला सांग त्याला."

"साहेब," ते आयुक्तांना म्हणाले, "मी मोजलं ते बरोबर मोजलं. पण आजारी माणसं माझ्यासमोर आलीच नाहीत. तो लेख ग्राह्य धरू नका. मी तो मागे घेतो."

"जगाने मानलेला लेख," वकील शांतपणे म्हणाले, "मेहुण्यासाठी मागे घेताय?"

दावा फेटाळला गेला. साक्षीदार नात्यातला, असा शेरा पडला. काजूचा हंगाम संपायच्या आत दत्ताराम गेला. रामचंद्रांनी संपादकांना कळवून लेख रद्द करवला. तशी सूचना छापूनही आली, कुठेतरी मागच्या पानावर.

पुढच्या वर्षी संस्थेने, ज्याच्या लेखाचे सर्वांत जास्त दाखले दिले गेले त्या संशोधकाचा सत्कार जाहीर केला. नाव रामचंद्रांचं होतं, आणि लेखही तोच.