भाजीवाली

सहा वर्षांपूर्वी लेक मंजुश्री घरी न विचारता लग्न करून गेली, तेव्हा तम्मण्णानं विणायच्या मागावर हात ठेवून शपथ घातली होती, "ह्या घरात तिचं नाव घ्यायचं न्हाय." त्याच्या बायकोनं, यल्लव्वानंही घेतलं नाही. ओठांवर आलं तरी गिळलं. फक्त लेकीचा नंबर तिनं 'भाजीवाली' म्हणून ठेवला, आणि नवऱ्याचा माग खडखडत असताना परसात जाऊन दर मंगळवारी ती भाजीवालीशी बोलत राहिली.

आज वडगावातल्या दुकानात दोघांचे बटणांचे जुने फोन देऊन दोघांत मिळून एक स्मार्टफोन घेतला. दुकानातली आरोही दोन्ही फोनमधले नंबर त्यात उतरवू लागली, तसं यल्लव्वा काउंटरला खेटून उभी राहिली. नंबर गेला, तर लेक गेली. राहिला, तर एक दिवस नवरा भाजी मागवायला तोच दाबणार.

"भाजीवालीचा तेवढा पुसू नको गं बाई," ती कशीबशी म्हणाली.

"पुसत न्हाय आक्का. पण हा फोनच इचारालाय..." आरोही हसली. "तुमची भाजीवाली आन अण्णांचा सूतवाला, दोघांचा नंबर एकच हाय की! कुठलं नाव ठेवू?"

यल्लव्वानं पदर तोंडाला लावला. तम्मण्णा खाली मान घालून काउंटरची काच बोटानं पुसत राहिला.



"मंजुश्री," तो म्हणाला. "मंजुश्री लिही."