भोंगा मदत

डोहवाडीचा भोंगा वाजला, असं संयोगितानं पडद्यावर वाचलं. तेवढ्यात डोहवाडीच्या पोलीस पाटील मंगलताई वायरलेसवर आल्या. भोंगा वाजलेला नाही, आणि पाणी देवळाच्या पायरीला लागलंय, असं त्या सांगत होत्या.

संयोगितानं तोच हुकूम पुन्हा टाइप केला. मशिननं पुन्हा तेच उत्तर दिलं. वाजला.

इस्लामपूरच्या बाजूला कृष्णाकाठच्या काही गावांनी मिळून पुराचे भोंगे बसवले होते. सगळे या एका खोलीतून, यंत्रणेच्या स्वतःच्या रेडिओ टॉवरवरून वाजायचे. एरवी काही अडलं तर संयोगिता पुण्याच्या इंजिनिअरला फोन करायची, नाहीतर नेटवर शोधायची. आज पहाटेपासून दोन्ही बंद होतं. वर धरणातून पाणी सोडलं होतं. डोहवाडीच्या गावठाणात मंगलताईंनी माणसं दारोदार पाठवली होती, पण मळ्यातल्या वस्त्यांवर कुणाला जाता येत नव्हतं. मधला ओढा भरला होता. तिथं भोंगाच पोचणार होता, आणि तो मुका होता.

वायरलेसपाशी तिचे सासरे नाथाजी बसले होते. उमर फौजेत सिग्नलला काढलेली. पूर आला की हे काम त्यांच्याकडंच यायचं.

"मशिनलाच इचार की," ते म्हणाले. "हिच्या पोटात समदं लिवलंय न्हवं त्यानं."

संयोगिताचे हात मांडीवरच राहिले. तिला ते ठाऊक होतं. 'भोंगा मदत' एवढं टाइप केलं की त्या हुकमाची सगळी माहिती उघडायची. ती जयराजनं, तिच्या नवऱ्यानं लिहिली होती. यंत्रणा उभी केली ती त्यानंच. नेट नसलं तरी खोलीतल्या माणसाचं अडू नये म्हणून प्रत्येक हुकमाची माहिती त्यानं मशिनमध्येच ठेवली होती, आणि तीही घरी बोलायचा त्या बोलीत. गेल्या वर्षी शिरवळजवळ हायवेवर त्याची गाडी ट्रकखाली गेली. त्यानंतर तिनं ते पान उघडलं नव्हतं. त्याचे फोटो ती बघू शकायची. हे नाही.

वायरलेसवर मंगलताईंनी पुन्हा विचारलं, काय झालं म्हणून.

संयोगितानं टाइप केलं.

पहिलीच ओळ होती: घाबरू नगा. आदी पाणी प्या.

घरात काही झालं की तो हेच म्हणायचा. तिनं पडद्यावरची नजर काढली आणि परत लावली.

"मोठ्यानं वाच," नाथाजी म्हणाले. एवढी बारीक अक्षरं त्यांना दिसत नव्हती.

ती वाचू लागली. "भोंगा वाजला असं मशिन म्हणाली तरी लगीच खरं धरू नगा. निरोप टॉवरपातूर पोचला, एवढंच तिला कळतं. वाजला का न्हाई, ते तिथल्या माणसाला इचारा."

"इचारलं," नाथाजी म्हणाले. "न्हाई वाजला."

संयोगितानं त्यांच्याकडं पाहिलं. त्यांची मान एका बाजूला कलली होती. जयराज जेवताना काही सांगत असला की ते असेच ऐकत बसायचे.

ती पुढं वाचत गेली. वाजला नसेल तर तिथली वीज गेलेली असणार, बॅटरी जोडायचा हुकूम असा. तो तिनं टाइप केला. मंगलताई म्हणाल्या, काही नाही. बॅटरीही गेली असेल तर भोंग्याचा डबाच पाण्यात असेल, असं खाली लिहिलं होतं. नाथाजी म्हणाले, "व्हय, पाण्यातच असंल." आता वाचताना ती जिथं तो थांबला असता तिथंच थांबत होती. तिच्या ते ध्यानात आलं, पण दुसऱ्या तऱ्हेनं वाचता येईना.

"मग तो भोंगा सोडून द्या. पलीकडच्या तिराचा टेकवाडीचा लावा आन वाजत ऱ्हाऊ द्या, बंद करू नगा. आवाज पाण्यावरनं डोहवाडीच्या मळ्यापातूर येतो. मी घाटावर बसून ऐकलाय."

तो घाटावर बसला त्या दिवशी हुकूम तिनंच टाइप केला होता. कशासाठी ते तिनं विचारलंही नव्हतं. तो संध्याकाळी उशिरा भिजलेल्या पायांनी घरी आला होता.

तिनं टेकवाडीचा भोंगा लावला.

वायरलेस खरखरत राहिला. मग मंगलताईंचा आवाज आला, धाप लागलेला. भोंगा ऐकू येतोय, पलीकडनं येतोय, लय मोठा येतोय. मग थोड्या वेळानं, वस्त्यांवरची माणसं बाहेर पडली, जनावरं सोडली, उसातल्या वाटेनं शाळेच्या टेकाडाकडं निघाली.

संयोगितानं डोळे पुसले. माहितीचं पान तसंच उघडं होतं.

बऱ्याच वेळानं मंगलताई परत बोलल्या. समदी वर आली, म्हणाल्या. मग म्हणाल्या, "आबा, टेकवाडीचा लावायचं कुणी सांगितलं? आमाला न्हाई सुचलं. ओव्हर."

जयराजच्या मातीला मंगलताई आल्या होत्या.

नाथाजींनी बटण दाबलं. "जयराजनं सांगितलं," ते म्हणाले. "ओव्हर."

मंगलताईंचं बोट त्यांच्या बटणावरच राहिलं असावं. वायरलेसमधून खोलीत टेकवाडीचा भोंगा ऐकू येत राहिला, पाण्यावरून येणारा, डोहवाडीच्या घाटावर बसलेल्या माणसाला ऐकू येतो तसा.