मोटारीचं दावं

बहात्तरच्या दुष्काळात कोंडीबानं बैलजोडी विकली आणि त्या पैशात सोलापुरातल्या एका बंगल्यामागची गंजलेली, जुनी विलायती मोटार मोहोळला ओढून आणली. त्याची बायको बजाबाई मोटारीला अवदसाच म्हणायची. फिटर कोंडीबानं चार वर्षं खपून ती बेंदराच्या बैलासारखी सजवली. आज पुण्याचं गिऱ्हाईक सौदा करून स्टिअरिंगला बसलं, तर इंजिन फिरवायचं हँडलच सापडेना. कोंडीबा घरात गेला. हँडल खुंटीला होतं, विकलेल्या बैलांच्या दाव्यांशेजारी. त्यानं हात घालताच बजाबाई कडाडली, “जनावर इकताना दावं कुणी देतं व्हय? दाव्यासंगं लक्षुमी जाती की!” कोंडीबा रिकाम्या हातानं बाहेर आला. “सायेब, हँडल तेवढं नवं घडवून घ्या. आमच्यात दावं देत न्हाईत. ढकलून चालू करू.” त्यानं मागून जोर लावला, मोटार हलेना. बजाबाई पदर खोचून शेजारी आली. “चल गं बाई,” ती मोटारीला म्हणाली.